अवघड वचनांचे घरमालक

ज्याला समोरच्या बाकावर बसलेला पाहून पाद्रीबुवांच्या कपाळाला भर थंडीत घाम फुटायचा, असा माणूस अख्ख्या नागपुरात एकच होता. खाप्याहून कॉलेजसाठी आलेल्या मला खोली मिळाली ती नेमकी त्याच्याच घरात. आमचे घरमालक काकाजी. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. काकाजी तरुणपणी पाद्री व्हायला गेले होते. तिथं हिब्रू शिकले, ग्रीक शिकले, आणि शिकवणाऱ्यांनाच इतके प्रश्न विचारले की त्यांनी मोठ्या प्रेमानं काकाजींना शाळामास्तर व्हायचा सल्ला दिला. मग जन्मभर भूगोल शिकवला, रिटायर झाले, आणि उरलेल्या सगळ्या ताकदीनिशी बायबलमधल्या अवघड वचनांच्या मागे लागले. सोप्या वचनांशी त्यांचं पटत नसे. "शेजाऱ्यावर प्रेम कर, यात समजून घ्याचं काय आहे गा? ते तं फक्त कराचं आहे," असं म्हणत आणि सोप्या वचनाला बाजूला सारत. एखादा पहिलवान आखाड्यात शिरलेल्या लहान पोराला सारतो ना, तसं.

आमच्या घरी गणपती आणि महालक्ष्म्या. चर्चची पायरी मी पहिल्यांदा चढलो ती ख्रिसमसच्या केकच्या आशेनं. पण गेलो आणि काकाजींसाठी जातच राहिलो, कारण असा तमाशा फुकटात दुसरीकडे नव्हता. पाद्रीबुवा वचन वाचायचे, डोळ्याच्या कोपऱ्यातून काकाजींकडे बघायचे, आणि काकाजी नुसते खाकरायचे. त्या खाकरण्याचे प्रकार होते. एक लहान: म्हणजे मूळ भाषेत असं नाही. एक लांब: म्हणजे मागचं वाचलंच नाही. आणि एक दुहेरी, ज्यानंतर पाद्रीबुवा प्रवचन आवरतं घेऊन सरळ गाण्यावर यायचे. काकाजींना ताप आला की त्या रविवारी पाद्रीबुवा साचलेली सगळी अवघड वचनं उरकून घेत, अशी वदंता होती. ती मीच पसरवली असली तरी पूर्ण खोटी नव्हती.

एकदा पाद्रीबुवांनी उंटाचं वचन घेतलं. श्रीमंत माणूस स्वर्गात जाण्यापेक्षा उंट सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणाला, ते. पहिल्या बाकावर संत्र्यांचे एक मोठे व्यापारी बसलेले. चर्चचं नवीन छप्पर त्यांच्याच कृपेचं. पाद्रीबुवांनी गोड आवाजात सांगितलं की सुईचं नाक म्हणजे शहराचा एक लहानसा दरवाजा होता, उंट गुडघे टेकून त्यातून जाई. व्यापारी समाधानानं मान हलवत होते. काकाजी खाकरले नाहीत. सरळ उभेच राहिले. "तो दरवाजा कोणी पाह्यला? कोणत्या जुन्या पुस्तकात आहे? सुई म्हणजे सुईच आहे, कपडे शिवाची! दरवाजा श्रीमंतायनं मागाहून स्वतःसाठी फोडला आहे!" काकूंनी त्यांचा कोट धरून खाली ओढलं. व्यापाऱ्यांचं तोंड सोललेल्या संत्र्यासारखं झालं. पण घरी जाताना फाटकाशी तेच काकाजींना म्हणाले, "मास्तर, मंग आमचं काय?" काकाजी लगेच विरघळले. "पुढची ओळ वाचा ना, शेटजी. माणसाले जमत नाही ते देवाले जमते, असं लगेच खाली आहे. लोकं उंटापाशीच थांबतात."

मागचं वाच, पुढचं वाच. हा काकाजींचा मंत्र होता. तो त्यांनी बायबलपुरता ठेवला असता तर काकूंचे केस इतके लवकर पिकले नसते. काकू म्हणाल्या, "शेजारीण मले आज टाकून बोलली," की काकाजी चार प्रश्न विचारत: कोण बोललं, कोणाले, कधी, अन् त्याच्या आधी काय झालं होतं? शेवटच्या प्रश्नावर काकू हमखास उठून स्वयंपाकघरात जात. "चूल पेटली तरी हे इचारतीन, आधी काय झालं होतं!"

वस्तू हातात घेतल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. मिठाची चव गेली तर ते बाहेर फेकायच्या लायकीचं, असं एक वचन आहे. मिठाची चव जाते कशी, या विचारात काकाजींनी एक अख्खा पावसाळा वाया घालवला. शेवटी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला गाठलं. त्यानं दुकानामागचं ओलं पोतं दाखवलं. खडा मीठ सगळं पाझरून गेलेलं, तळाशी पांढरी रेती उरलेली. दिसायला मीठ, जिभेवर माती. काकाजींना खजिना सापडल्यासारखं झालं. पुडी बांधून घरी आले, ओट्यावर ठेवली आणि मला बोलवायला धावले. तेवढ्यात काकूंनी ती पुडी वांग्याच्या भाजीत रिकामी केली. ती भाजी आम्ही दोघांनी कचाकचा दात वाजवत खाल्ली. काकाजी प्रत्येक घासाला म्हणत, "पाह्य, पाह्य! आता कळलं फेकून काहून देत होते!"

आता मी नकलाकार. खाप्याच्या शाळेत हेडमास्तरांपासून घंटा देणाऱ्यापर्यंत कोणालाच सोडलं नव्हतं, तर काकाजी कसे सुटणार? कॉलेजच्या चहाटपरीवर मी त्यांचं हिब्रू करून दाखवायचो: मान मागे, चष्मा नाकावर, घशात मासोळीचा काटा अडकल्यासारखा आवाज. एके दिवशी पोरं हसायची एकदम थांबली. मागे काकाजी उभे. मला वाटलं, खोली गेली. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "मान बरोबर आहे. पण 'खेत' चुकून राहिला तू. टाळूवरून नाही गा, खालून काढ. घशातून. पुन्हा म्हण." आणि भर टपरीवर, पोरांसमोर, चहा निवेपर्यंत त्यांनी माझ्याकडून तो 'खेत' घोटून घेतला. हिब्रूतलं एक अक्षर शुद्ध म्हणता येणारा खाप्याचा मी पहिलाच माणूस असेन. त्याचा काही उपयोग झाला नाही, पण अभिमान आहे.

इतकं हसून झालं, आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

माझी मोठी बहीण सावनेरकडे दिली होती. तिचा पोरगा पिंटू चांगला दुडुदुडु चालायला लागलेला, आणि एकदा ताप आला, उतरला, आणि उजवा पाय घेऊन गेला. पोलिओ. ताई त्याला घेऊन माझ्या खोलीवर आली. धंतोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाय पहिल्यासारखा होणार नाही. पण रोज शेक, रोज व्यायाम, काही महिने नेमानं केलं तर पट्ट्यांचा बूट घालून पोरगा स्वतःच्या पायानं चालेल. मधे सोडलं तर पाय आखडून जाईल. काकूंनी न विचारता ताईसाठी चुलीजवळ जागा केली. महिना-दीड महिना बरा गेला. मग एका दुपारी ताईचा दीर आला, तिला परत न्यायला.

माणूस वाईट नव्हता. ओसरीवर बसून बिचारा आईचा निरोप पाठ केल्यासारखा म्हणत होता. "वहिनी, आई म्हणते बस झालं आता. तुम्ही दिवस असताना ग्रहणात विळीवर बसल्या, त्याचं हे आहे. आता डागदर काय करीन? पाप आहे ते भोगूनच फिटते. घरी चाला."

ताई आत गेली आणि पातळं घडी करायला लागली. मी मागे गेलो, "ताई, असं काहून करतं वं? डॉक्टर काय म्हणाले?" ती खाली मान घालून म्हणाली, "बसली होती रे मी विळीवर. खरं आहे ते." तेव्हा मला समजलं की ही निघाली आहे ते दिराच्या सांगण्यावरून नाही. तिला स्वतःलाच ते पटलेलं आहे.

काकाजी ओसरीच्या टोकाला आरामखुर्चीत होते. दिराला त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारून पाहिले. ग्रहण कधी होतं? ताप कधी आला? मधे पोरगा चालला का नाही? दीर घाबरून गेला, पण उत्तर ठरलेलं होतं: "आई म्हणते." ताई गाठोडं घेऊन बाहेर आली. निघताना काकाजींच्या पाया पडली आणि वाकलेलीच राहिली. "काकाजी, तुमच्या पोथीत असन ना कुठं? कोणाच्या पापानं लेकराले असं होते?"

मी मनात म्हटलं, झालं. आता ग्रीक निघणार, सावनेरची मोटार सुटणार, आणि ताई तिच्या पुढच्या मोटारीनं जाणार. काकाजी आतून जाड पुस्तक घेऊन आले. पण सांगायला लागले ते अगदी साधं. एक माणूस जन्मापासून आंधळा. येशूचे शिष्य त्याला पाहून विचारतात, पाप कोणाचं, याचं का याच्या मायबापाचं? आणि येशू सांगतो, याचंही नाही, मायबापाचंही नाही.

ताई वर बघायला लागली. "मंग काहून झाला तो आंधळा?"

काकाजी चाचरले. "पुढं असं आहे… का देवाचं काम त्याच्यात दिसावं म्हणून."

"म्हणजे देवाले काम दाखवाचं होतं म्हणून लेकराचा पाय नेला?" ताईचा आवाज चढला. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

काकाजींनी तोंड उघडलं. मूळ शब्द ओठावर आलेला मला दिसला. मग त्यांनी तोंड मिटलं, चष्मा काढला, आणि मी जे कधी ऐकलं नव्हतं ते म्हणाले. "नाही समजलं मले, पोरी. लय वर्षं झाले, याच ओळीवर अडकून आहो. मोठमोठ्या पंडितायनं अर्थ लावले. मले एक नाही पटला."

दारातून काकूंचा आवाज आला. हात पिठाचे, पदर खोचलेला. "मंग पुढचं वाचा ना! साऱ्या गावाले सांगत फिरता."

काकाजींनी चष्मा घातला. बोट ठेवून पुढची ओळ पाहिली, पुढची पाहिली. मग हळूहळू, जणू पहिल्यांदाच वाचत असल्यासारखे म्हणाले, "पुढं म्हणते, दिवस आहे तोपर्यंत काम कराचं आहे. मंग तो बोलत नाही. खाली वाकते. थुंकी अन् माती कालवते, अन् त्या माणसाच्या डोळ्यायले लावते." आणि पुस्तक बंद केलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "शेकाचं पाणी ठेव गा. पोराची वेळ टळून राहिली."

पिंटूला त्यांनी स्वतः उचललं, मांडीवर घेतलं आणि तो काडीसारखा पाय वाकवायला लागले. वाकव, सरळ कर, वाकव, सरळ कर. पिंटू नेहमीसारखा भोकाड पसरून रडला. त्याच्या रडण्यापेक्षा आवाज चढवून काकाजी दिराला म्हणाले, "आईले सांग बेटा, पाप कोणाचं ते इथं इचारलं होतं. कोणाचंच नाही निघालं. बाकी काम चालू आहे. अन् तू जेवून जाय."

दीर जेवून गेला. ताई गेली नाही. उन्हाळा तिनं त्याच ओसरीवर काढला, आणि रोज दुपारी पाय काकाजींच्या मांडीवर असायचा. त्या वेळात ते एकही वचन सांगत नसत. पाद्रीबुवा एकदा डोकावले, सगळी हकिकत त्यांच्या कानावर गेलीच होती. त्यांनी दबकत विचारलं, "मग मास्तर, त्या ओळीचा अर्थ लागला का?" काकाजी पाय वाकवत म्हणाले, "नाही लागला. पण आता घाई नाही."

काकाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. पिंटूचा बाप्या झाला. उजवा पाय बारीकच राहिला, पट्ट्यांच्या बुटाचा खट् खट् आवाज दोन घरं आधीपासून येतो. बाजारात, लग्नाकार्यात नवीन माणूस त्याला हमखास विचारतो, पायाला काय झालं? मी शेजारी असलो की दर वेळी कान टवकारतो.

पिंटू म्हणतो, "लहानपणी ताप आला होता."

आणि चालायला लागतो.