शीकाकू आणि गॅलरीतल्या सीड्या

त्यांना गल्लीत सगळे शीकाकू म्हणत, आणि तेही तोंडावर. कारण बाईंचं दर दुसरं वाक्य ‘शी’ने सुरू व्हायचं. शी, हा काय चहा झाला. शी, काय ते बोलणं. भाजीवाल्याने मापात मारलं तरी शी, आणि टीव्हीवर कुणी गळा काढून रडलं तरी शी. किळस यायची नाही ती फक्त माणसाच्या पायांची. भेगा, कुरुपं, घामाचा वास, ऑपरेशनची शिवण, सगळं त्या मांडीवर घेऊन बघायच्या. ज्यांचा एक पाय आखूड, त्यांच्या त्या पायाच्या बुटाला जाड तळ करून द्यायचा, हा त्यांचा धंदा होता.

धंदा मुळात नवऱ्याचा. तो जाऊन सहा वर्षं झाली. मागे राहिलं तळ कोरायचं मशीन आणि त्याला जोडलेला म्हातारा कॉम्प्युटर. गिऱ्हाईक काचेवर उभं राहिलं की पायाचं माप कॉम्प्युटरात जायचं आणि त्याबरहुकूम मशीन तळ कोरायचं. मशीनचा प्रोग्राम जुन्या सिस्टिमवरच चालतो, म्हणून नवऱ्याने स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी चिकटवली होती: ‘अपडेट करू नये.’ काकू रोज धूळ झटकताना तिच्यावरूनही फडकं फिरवायच्या.

रविवारी धाकटे दीर आले. भावजी म्हणजे उंटावरचे शहाणे. कुठल्याशा ऑफिसात खुर्चीवर बसतात, म्हणून जगातलं सगळं त्यांना कळतं. काकू बाजारात गेल्या तेवढ्यात भावजींनी चिठ्ठी वाचली, हसले आणि नवी सिस्टिम टाकून मोकळे झाले. वर जागा मोकळी करायची म्हणून मागची जुनी सिस्टिमही पुसून टाकली. काकू परतल्या तेव्हा ते हात झटकत म्हणाले, “सगळी घाण काढली बघा, वहिनी. आता कसं स्वच्छ वाटतंय.”

सोमवारी मशीन मुकं झालं. स्क्रीनवर गुळगुळीत रंगीत चौकोन, कोपऱ्यात हवामान, खाली कुठल्याशा नटीचं लग्न. काकूंनी विचारलं नव्हतं तेही सगळं होतं, फक्त मशीन सापडत नव्हतं. काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याच दुकानात कुणीतरी परक्याने तेलकट हातांनी सगळं चिवडून ठेवल्यासारखं त्यांना वाटलं.

आणि शुक्रवारी एक नर्स बूट न्यायला येणार होती. तिचा डावा पाय जन्मापासून आखूड. कंबरेच्या ऑपरेशनानंतर दोन पायांतला फरक बदलला होता, जुना बूट निरुपयोगी झाला होता. शनिवारी डॉक्टर तिला दवाखान्याच्या लांब बोळातून चालवून बघणार होते. लंगडली तर वॉर्ड बंद, पुढची सगळी नोकरी कागदांच्या खिडकीमागे. “मी माणसांची नर्स आहे, काकू, फायलींची नाही,” एवढंच ती माप देताना म्हणाली होती.

काकूंनी नाक्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने दोन ठिकाणी बघितलं आणि मान हलवली. म्हणाला, मागे जायची सोय दहा दिवस असते, पण जुनं शिल्लक असलं तर. ते तुमच्या माणसाने पुसलंय. आता पहिल्यापासून जुनी सिस्टिम टाकायची, त्याला मूळ सीडी लागेल. मापं आणि मशीनचा प्रोग्राम त्याने आधी पेनड्राइव्हवर उतरवून घेतला, तेवढी त्याला अक्कल होती.

सीडी. काकू खाली बसल्या. दोन वर्षांपूर्वी याच भावजींनी सांगितलं होतं की सीड्या आता कोण वापरतं, गॅलरीत टांगा, चकाकतात म्हणून कबुतरं पळतात. काकूंनी चार सीड्या दोऱ्याने टांगल्या होत्या. कबुतरं पळाली नाहीत. ती सीड्यांच्या वरच्याच दांडीवर बसायची आणि जे करायचं ते तिथूनच करायची.

गॅलरीचं दार काकू नाकाला पदर लावून उघडायच्या. त्या दिवशी पदर लावायचं भानच राहिलं नाही. चारही सीड्या पांढऱ्या-हिरव्या थरांखाली गेलेल्या, कुठली कोणती ते कळेना. काकूंनी पहिली बादलीत बुडवली आणि अंगठ्याने चोळली. ती गाण्यांची निघाली. दुसरीवर थर गेला तसं नवऱ्याचं अक्षर दिसलं: ‘सिस्टिम. जपून ठेवणे.’ काकूंनी ती ओली सीडी पदराने टिपून घेतली. तोंडातून ‘शी’ आलं ते कबुतरांसाठी नव्हतं, स्वतःसाठी होतं.

दोनदा सीडी अडकली. कॉम्प्युटरवाल्याने ती मऊ कापडाने आतून बाहेर पुसली, पुन्हा घातली. तिसऱ्यांदा चालली. बुधवारी संध्याकाळी ती जुनी, मळकट निळी स्क्रीन आली आणि मशीनने घसा खाकरल्यासारखा आवाज केला.

शुक्रवारी नर्सने बूट घातला आणि दुकानाच्या दारापासून मशीनपर्यंत चालत आली. परत गेली, परत आली. काकू पाय बघत नव्हत्या, तिचे खांदे बघत होत्या. दोन्ही एका रेषेत होते. शनिवारी दुपारी तिचा फोन आला. वॉर्ड मिळाला होता.

रविवारी भावजी आले. स्क्रीन बघून त्यांनी नाक मुरडलं. “शी, वहिनी, परत ही जुनी घाण?”

काकूंनी गॅलरीतून उरलेल्या दोन सीड्या काढून आणल्या, बादली त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि फडकं हातात दिलं.

“पुसा, भावजी. ही कबुतरांची आहे, पाण्याने निघते. तुमची काढायला तीन दिवस लागले.”