मी खोडलेली तीन मिनिटं

या सदरात बाकीच्यांना पिंपळाखाली बायका दिसतात, विहिरीतून हाका येतात. माझ्या वाट्याला आलं ते एक स्टॉपवॉच! हसा खुशाल.

आधीच सांगते, भूतबीत मी कधी मानलं नाही. लहानपणी आजोळच्या पोरांनी हडळ दाखवायला म्हणून बांधावर नेलं, तर मी तिथे बसून सगळ्यांचा खाऊ संपवला. आजही मानत नाही. पण झालं ते झालं...

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही रोह्याला राहायचो. मी रोज एसटीने पेणच्या बाजूच्या एका नव्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायला जायचे. इंडस्ट्रियल इंजिनियरिंगची पदवी तिथे नुकतीच सुरू झाली होती. चार वर्षांत कुठला विषय कुठल्या टर्मला घ्यायचा, याचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. आलं कसलं, मी ओढून घेतलं! दोन महिने आमचे हे आणि मुलं जमिनीवर जेवली, कारण डायनिंग टेबलावर माझा ट्रेसिंग पेपर पसरलेला. चौकोन, बाण, पुन्हा चौकोन. एका चौकोनात पास झाल्याशिवाय पुढच्यात पाऊल नाही. पाचव्या टर्मला वर्क स्टडी — म्हणजे स्टॉपवॉच लावून माणसाचं काम सेकंदासेकंदाने मोजायचं आणि फुकट जाणारा वेळ काढून टाकायचा. तो विषय राहिला की सातव्या टर्मचं प्रोजेक्ट अडलं, वर्ष गेलं. तक्त्याला मी काचेची फ्रेम करून घेतली. घरात देवाच्या फोटोलाही तेव्हा काच नव्हती.

पाचव्या टर्मच्या सुरुवातीला सुरेखा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पेणजवळच्या जोहे गावातली मुलगी. वडील नव्हते. घर आज्याच्या हातावर चालायचं, आणि हिच्याही. दोघं गावातल्याच एका शेठच्या गणपतीच्या कारखान्यात कामाला.

"मॅडम, वर्क स्टडी सहाव्या टर्मला घेऊ का? म्हणजे जानेवारीत. ऑगस्टमधे तुम्ही सगळ्यांना रोह्याच्या कंपनीत रीडिंग घ्यायला नेणार. तेव्हा आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. मी नाय गेले तर शेठ आज्याला पण ठेवायचा नाय."

"माझा तक्ता गणपतीला विचारून केलेला नाही," मी म्हणाले.

काय वाक्य! स्टाफरूममध्ये मी ते तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा सगळ्यात जास्त मीच हसले.

मग वर उपकार केला. म्हटलं, "कंपनीत नको येऊस. तुमच्या कारखान्यातच मोज. तुझ्या आज्याचंच काम मोज."

आज्याचं काम म्हणजे डोळ्यांची आखणी. रंगकाम संपलं की मूर्तीचे डोळे काढायचे, सगळ्यात शेवटी. दोन्ही डोळे एकाच हाताने, एकाच बैठकीत. त्या कारखान्यात ते फक्त त्याच्याकडे.

सुरेखाने दहा मूर्तींची रीडिंग आणली. प्रत्येक मूर्तीला ब्रश चालायचा एक मिनिट दहा सेकंद, कधी थोडा जास्त, कधी कमी. आणि मग ब्रश खाली ठेवून म्हातारा नुसता मूर्तीसमोर बसायचा. तीन मिनिटं. दहाही वेळा बरोब्बर तीन मिनिटं, सेकंदाचाही फरक नाही.

माणसाचं रीडिंग असं येत नाही. मी म्हटलं, पोरीने घरी बसून आकडे लिहिले, आता सापडली! दुसऱ्या दिवशी लॅबचं स्टॉपवॉच पर्समध्ये टाकलं आणि जोह्याची एसटी पकडली. चोर पकडायला निघालेल्या फौजदारासारखी, कडक इस्त्रीच्या साडीत.

शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आजा पाटावर बसलेला, अंगात बनियन, हाताला घड्याळ नाही. शेडच्या भिंतीवरही नाही. मी त्याच्या पाठीमागे उभी राहून मोजलं. तीन मिनिटं. दुसरी मूर्ती, तीन मिनिटं. पाच मूर्ती झाल्या. सुरेखाचे आकडे खरे होते आणि माझा अपमान झाला होता.

"आजोबा, हे तुम्ही मधे काय करता? नुसतं बसून?"

"तो बघायला लागतो कवा, त्याची वाट बघायची, बाय."

"कोण?"

म्हाताऱ्याने हनुवटीने मूर्ती दाखवली. "आपन डोळं काडलं म्हंजे लगेच दिसतंय व्हय त्याला? जरा टाईम लागतो. त्याने बघितलं की उठायचं."

"आणि बघितलं हे तुम्हाला कसं कळतं?"

"तुमच्याकडं कोन बघत असला तर तुमाला नाय कळत?"

बाजूच्या बायका फिसकन हसल्या. मला वाटलं, मला हसल्या. बहुतेक मलाच हसल्या असणार.

सुरेखाने रिपोर्टात त्या तीन मिनिटांसमोर लिहिलं होतं, 'तपासणी'. आमच्या शास्त्रात तपासणीला जागा आहे. काम झाल्यावर ते नीट झालं का हे बघण्याचा वेळ फुकट धरत नाहीत. हुशार पोर, तिने आज्याला बरोबर त्या फटीत बसवलं होतं. मी लाल पेनने 'तपासणी' खोडलं आणि वर लिहिलं, 'विलंब. काढून टाकावा.'

"मॅडम, हे लिहिलं तर शेठ..."

"रिपोर्ट शेठसाठी नाही, मार्कांसाठी आहे. सुधारून आण, नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

तिने सुधारून आणला. अक्षर सुरेख. मी तिला वर्गात सगळ्यात जास्त मार्क दिले, आणि रिपोर्टाची एक प्रत माझ्या हाताने शेठला पोस्ट केली, कॉलेजच्या लेटरहेडवर. कोणी सांगितलं नव्हतं. इंडस्ट्रीला आपला उपयोग व्हावा, अशी माझी फार इच्छा होती!

शेठने वाचला. दोन तरणे कारागीर आणले, एक डावा डोळा काढणारा, एक उजवा. आज्याला मूर्तींखालच्या पाटांना पॉलिशपेपर मारायला बसवलं. वर्गातल्या एका मुलाकडून मला हे कळलं तेव्हा मी सुरेखाला म्हणालेसुद्धा, "बघ, तुझा रिपोर्ट राबवला!" ती 'येस मॅडम' म्हणाली. पुढे दीड वर्ष ती माझ्याशी 'येस मॅडम'पलीकडे बोलली नाही.

आता स्टॉपवॉच.

पुढच्या जुलैत नवी बॅच आली. लॅबमध्ये मी बटण दाबलं. काटा धावला... एक मिनिट दहा सेकंदांवर थांबला. ठोकलं, चावी दिली, काही नाही. टेबलावर ठेवून शिकवत राहिले, तर थोड्या वेळाने आपोआप चालू. पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच. शेवटी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. थांबायचं ते बरोब्बर तीन मिनिटं.

रोह्याच्या घड्याळजीने उघडून पाहिलं. त्याच्या हातात तासभर नीट चाललं. "ताई, काय पन झालेलं नाय ह्याला," म्हणाला. मी हातात घेतलं. एक मिनिट दहा. त्याने माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, आणि पैसेही घेतले नाहीत.

दुसरं आणलं, तेच. इलेक्ट्रॉनिक आणलं, तेच. मुलांच्या हातात सगळी चालत. वर्क स्टडीची मॅडम, आणि हिला वेळ मोजता येत नाही! शेवटी तो विषय दुसऱ्या सरांकडे दिला. त्यांना पाचवी टर्म जमत नव्हती म्हणून तक्ता बदलावा लागला. फ्रेम उघडली, वर्क स्टडीचा चौकोन सहाव्या टर्मला सरकवला. अर्ध्या तासाचं काम होतं. पोरगी मागत होती ते एवढंच.

पुढे काही वर्षांनी सुरेखा नागोठण्याच्या स्टँडवर भेटली. कंपनीत नोकरीला लागली होती, गळ्यात ओळखपत्र. काय झालं कोण जाणे, मी तिला स्टॉपवॉचचं सगळं सांगून टाकलं.

"आजा गेले ना, मॅडम. शेवटपर्यंत पाटच घासत होते. घरी सुद्धा परत ब्रश हातात घेतला नाय."

"कधी गेले?"

"तुम्हाला तारीख कशाला हवी?" गाडी आली होती. पायरीवर पाय ठेवून ती वळली. "आणि तीन मिनिटं थांबलं तर थांबा की. काय बिघडतं?"

तारीख मला आजही माहीत नाही. जुळली असती तर काय, नसती जुळली तर काय... मी कधी शोधायला गेले नाही.

परवा नातीने अंडी उकडत ठेवली, फोनवर वेळ लावली आणि फोन माझ्या हातात देऊन आंघोळीला गेली. एक मिनिट दहाला आकडे थांबले आणि तीन मिनिटांनी पुन्हा चालू झाले. गजर झालाच नाही म्हणून ती बाहेर येऊन ओरडली, "आजी, काय दाबलंस तू?" तिच्या हातात फोन मुकाट चालत होता. अंडी दगड झाली होती.

मी इंजिनियर आहे. स्प्रिंग असलेलं घड्याळ, सेलवरचं घड्याळ, फोन — या तिन्हींत एकच बिघाड कसा, याचं कारण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर कळवा. फक्त घड्याळजीकडे जा म्हणू नका.

हल्ली आकडे थांबले की मी उठत नाही. हात मांडीवर ठेवून समोर बघत बसते. समोर काही नसतं — ओटा, कढई, भिंत. पण तीन मिनिटं संपत येतात ना, तेव्हा दर वेळी मान मलाच खाली घालावी लागते.