कोरडा टीपकागद

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही – आणि माझं तिच्यापासून काहीच लपत नाही, असा तिचा समज आहे.

आणीबाणी नुकतीच उठली होती. भवानी पेठेत मी कामाला होतो तो लहानसा कारखाना – गिरण्यांच्या बॉयलरचे गेज दुरुस्त करणारा. सोलापुरात समुद्र कुठला? पण समुद्राच्या तळाशी गरम पाण्याचे झरे आहेत का, हे शोधणाऱ्या लोकांनी आमच्याकडून एक पोलादी डबा करून घेतला. आत तापमान टिपणारं यंत्र बसणार आणि डबा दोरानं खोल तळाशी सोडणार. माणूस काही तिथं जाऊ शकत नाही. आत पाणी शिरलं की सगळं फुकट.

डबा घडवला इरण्णा मिस्त्रींनी. मूळचे अक्कलकोटचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. झाकणाचं रबरी वायसर त्यांनी तीनदा काढून पुन्हा बसवलं. तपासणी माझ्याकडे – आत टीपकागद ठेवायचा, डबा पाण्याच्या टाकीत बंद करायचा, हातपंपानं दाब चढवायचा आणि तासाभरानं कागद कोरडा आहे का बघायचं. एवढंच. मी ते उद्यावर ढकललं. आणि उद्या होती खंडेनवमी.

सकाळीच सगळी यंत्रं धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून झाले. पूजलेल्या यंत्राला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, ही आमची रीत. दुपारी डबा न्यायला माणूस आला, त्याला मुंबईची गाडी धरायची होती. मी काय करायला हवं होतं? पंपाचा हार काढायला हवा होता. देव रागावला नसता हो. मालक रागावले असते – काल काय करत होतास, म्हणून. मी वहीत लिहिलं, 'टीपकागद कोरडा'. कोरडाच होता की. पाण्यात गेलाच कुठे होता?

महिन्याभरानं पत्र आलं. डबा पाण्यानं भरून वर आला होता, यंत्र वाया गेलं होतं, आणि जहाज पुन्हा तिथं जाणार नव्हतं. मालकांनी सगळ्यांदेखत मला विचारलं – तपासणी केली होतीस ना? मी म्हणालो, केली होती.

इरण्णांनी माझ्याकडे बघितलं. आता हा माणूस मला उघडा पाडणार, असं वाटलं. ते मालकांना म्हणाले, "पोरानं तपासलंय म्हंजी तपासलंय. हितं टिकलं आन् तितं दबलं, म्हंजी रबरच कच्चं निवडलं की मी. हातात राम न्हाय ऱ्हायला आता."

त्यानंतर ते लेथवर कधी उभे राहिले नाहीत. फाटकापाशी स्टुलावर बसायचे. मी आत शिरताना "ये बाळ" म्हणायचे – रोज. गेले तेही आपलाच हात चुकला असं मानून.

वायसर खरंच कच्चं होतं का? मला ठाऊक नाही. कळायला एक तास पुरला असता. त्या तासात मी हार घातलेल्या पंपाशेजारी बसून प्रसादाचे पेढे खाल्ले. इरण्णांनीच अक्कलकोटहून आणले होते.