विलायती गवयाचे सुतक

साऱ्या कृष्णाकाठावर माझ्या मेहुण्यांइतका हट्टी माणूस दुसरा नसेल, आणि असलाच तर तो माझा सोयरा नाही, एवढे माझे नशीब. बायकोचे हे थोरले बंधू लष्करातून पेन्शनीत निघाले आणि कराडजवळच्या गावी ऊस लावून राहिले. येताना एक रोग मात्र बरोबर घेऊन आले. साठच्या दशकात गाजलेल्या एका विलायती गवयाचा त्यांना नाद होता. नाद म्हणजे कसा, तर पहाटे म्हशीची धार काढताना गोठ्यात त्याचीच टेप. टेप नसली की म्हैस पान्हा चोरते, असे ते गंभीरपणे सांगत. म्हशीला विचारायची सोय नव्हती. कपाळावर त्याच्यासारखी झुलपे, तीही पन्नाशी उलटल्यावर. देवघरात खंडोबाशेजारी त्याचा फोटो, आणि वहिनींनी तो हलवला की यांचे जेवण बंद. एकदा मी वैतागून विचारले, "एका शब्दाचा तरी अर्थ कळतो का तुम्हाला?" तर म्हणाले, "दाजी, तुमी आरतीला टाळ्या वाजवता, तवा सगळं कळतंय व्हय?" अशा माणसापुढे डोके आपटले तर टेंगूळ आपल्यालाच येते.

नव्वद सालानंतरची गोष्ट. हा गवई वारला. बातमी पेपरच्या आतल्या पानात, कोपऱ्यात. मेहुण्यांनी ती वाचली न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली असताना, आणि ते तसेच उठले. सुतकात दाढी करत नाहीत. न्हाव्याने सांगितले, वहिनींनी सांगितले, मी तर हातापाया पडलो, की निदान उरलेला गाल उरकून घ्या. "आमचा मानूस गेलाय," एवढेच उत्तर. देवाला शिवायचे नाही, गोडधोड खायचे नाही, सगळे यथासांग. आणि नेमकी त्याच आठवड्यात त्यांच्या थोरल्या लेकीची, अलकाची, सुपारी फुटायची होती. स्थळ मी आणलेले, तासगावचे द्राक्षबागायतदार. म्हणजे नाक माझेच कापले जाणार.

पाहुणे आले. एका गालावर रान माजलेले, दुसऱ्यावर नुकती उगवण, अशा अवतारात मेहुणे त्यांच्यासमोर बसले. मुलाची थोरली आत्या त्या घरची कर्ती. तिने दोन्ही गाल नीट पाहून घेतले आणि विचारले, "कोन गेलं वो तुमच्यात?" मी थाप मारायला तोंड उघडतोय तोवर मेहुण्यांनी खरे सांगून टाकले. मुलाच्या वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला. सुतकातल्या घरी कोण सुपारी फोडणार? दाराआड अलका मुसमुसू लागली. मी घाईघाईने म्हणालो, "अहो, गाणारा होता तो, तिकडचा गोरा. नात्यातला नव्हे."

"नात्यातला न्हाई म्हनू नगा, दाजी," मेहुणे म्हणाले. मग मान खाली घालून आत्याबाईंना सांगू लागले, "मी बॉर्डरवर हुतो तवा आई गेली. रजा न्हाई मिळाली. तोंड बघनं न्हाई, दहावं न्हाई. मेसमदी रेडिओवर ह्यो गात हुता. काय म्हनतोय कळत न्हवतं, पर त्येच्या आडोशानं मला रडता आलं. आता त्यो गेल्यावर मी दाढी करून बसू?"

सासूबाई मी पाहिल्या नव्हत्या. ही रेडिओची हकिगत मला कुणी सांगितली नव्हती. बायकोलाही ती ठाऊक नव्हती. मला फार ओशाळल्यासारखे झाले.

आत्याबाईंनी पुन्हा एकदा दोन्ही गाल पाहिले. मग म्हणाल्या, "लांबच्या मानसाचं सुतक डोक्यावरनं पानी घेतलं की फिटतंय. उठा दादा, आंघूळ करून या. आमी थांबतो."

मेहुणे न्हाणीत गेले. थोड्या वेळाने आतून गाणे ऐकू आले. बेसूर, इंग्रजीची पार हाडे खिळखिळी केलेले, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत. मुलाच्या वडिलांनी घड्याळाकडे पाहिले, तशी आत्याबाईंनी त्यांना हातानेच गप्प केले. गाणे संपल्यावर पाण्याचा आवाज आला. मग सुपारी फुटली.

लग्न झाले, अलका तासगावला गेली. पुढच्या खेपेला पहाटे जाग आली तर गोठ्यात सामसूम. वर्षानुवर्षे त्या टेपने माझी झोपमोड केली होती, तरी मला चुकल्यासारखे वाटले. विचारले, तर म्हणाले, "टेप पोरीसंगं धाडली."

"अहो, तिला कुठे आवडते ती?"

"न्हाई आवडत," मेहुणे म्हणाले. "पर परक्या घरात मानसाला उगंच रडता येत न्हाई, दाजी. कायतरी वाजत असलं म्हंजी बरं पडतंय."