हत्तीबद्दल मामांचं मत

पाय मोडला तेव्हा मी केजच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग शिकवत होते. वडवणीहून येताना खडीवर स्कूटी घसरली, डाव्या पायाला प्लास्टर बसलं आणि डॉक्टरांनी घराबाहेर पडायचं नाही म्हणून बजावलं. नवरा सकाळीच खता-बियाण्यांच्या दुकानावर जायचा. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी पालीला गेलेल्या. दिवसभर घरात माणसं दोनच, मी आणि माझे सासरे.

त्यांना मी मामा म्हणते. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण आमच्यातलं बोलणं म्हणजे "चहा ठेवू का?" आणि "ठेव." ते शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि आसपासच्या गावांत कबड्डीचे पंच. ते खोलीत आले की मी आपोआप उठून उभी राहायचे. आता उठता येईना. प्लास्टर बसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच चहा करून आणला, कप स्टुलावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता ओसरीवर निघून गेले. साखर घालायची राहिली होती. मी तसाच प्यायले.

कंटाळा घालवायला मी लॅपटॉपवर काहीबाही बघत बसायचे. त्यात एक फुकटचा खेळ सापडला. काही डाउनलोड करायचं नाही, ब्राउझरमध्ये पान उघडलं की सुरू. दोन किल्ले, मध्ये मोकळं रान. भालेवाले, तिरंदाज आणि हत्ती, यांतून आपली फौज निवडायची आणि समोरच्याचा दरवाजा फोडायचा. समोर कुठल्या तरी देशातला खराखुरा माणूस असायचा. मी भालेवाले घ्यायचे आणि हत्तीपुढे हरायचे.

खेळाच्या खाली खेळणाऱ्यांची मतं होती, सगळी इंग्रजीत. हळूहळू खेळापेक्षा मला तीच वाचायला आवडायला लागली. कोणी म्हणत होतं, हत्ती इतका भारी आहे की डोळे मिटून जिंकता येतं, त्याची ताकद कमी करा. त्याला दुसरा सुनावत होता, तुला भालेवाले कसे उभे करायचे तेच कळत नाही, हत्तीला कशाला दोष देतोस? एकानं तर केवढं तरी लांबलचक लिहिलं होतं आणि शेवटी 'आता मी इथे येणार नाही' असं म्हटलं होतं. त्याच्याच खाली त्याचं पुन्हा एक मत होतं, तिरंदाजांवर. मला नवल वाटायचं. ज्याला एक पैसा पडत नाही अशा खेळासाठी ही माणसं इतक्या पोटतिडकीनं का लिहितात?

एका दुपारी मी वाचताना मोठ्यानं हसले, आणि दारातून आवाज आला.

"एकटीच काय हसायलीस?"

मामा उभे होते. मी गडबडले. म्हटलं, "काही नाही मामा, लोक भांडतायत. एका खेळावरून."

"कोन भांडायलंय? वाच बरं."

मी मराठी करून वाचून दाखवलं. ते आधी दाराला टेकून ऐकत होते, मग खुर्ची ओढून बसले.

"म्हंजे पंचावर चिडलेत."

"पंच नाही यात. ज्यानं खेळ बनवला त्याच्यावर चिडलेत."

"आन त्यो वाचतो हे समदं?"

"वाचतो. कधी कधी उत्तरही देतो."

मामा पडद्याकडे वाकले. "आमच्या टायमाला शिव्या पंचालाच पडायच्या," ते म्हणाले. "नियम कोनी केला त्याला कोन इचारतंय? हे लई भारी हाय."

त्या दिवसापासून जेवण झालं की ते चष्मा घेऊन यायचे. आधी नुसतं ऐकायचे, मग मला खेळताना बघायचे, मग एक दिवस म्हणाले, "सरक, मला बघू दे." माउस त्यांच्या हातात ठरायचा नाही. पण मैदान मात्र ते पंचासारखं बघायचे, कोण कुठून येतंय, कोण रेघ सोडतंय. थोड्याच दिवसांत त्यांचं मत तयार झालं.

"हत्तीची ताकद कमी करायची न्हाई. दांडगा गडी संघात असला म्हनून त्याला कोन बारीक व्हय म्हनतं का? त्याला वळायला येळ लागू द्या. मंग बारका बी बाजूनं पळून त्याला गाठंल."

मला ते पटलं. मी ते इंग्रजीत लिहून टाकलं. खाली त्यांचं नाव घालू का विचारलं तर म्हणाले, "कशाला? मत बघायचं का मानूस?"

बनवणाऱ्याचं उत्तर आलं. कल्पना आवडली, करून बघतो, असं त्यानं लिहिलं होतं. आणि खरंच, काही दिवसांनी पान उघडलं तर हत्ती सावकाश वळत होता. संध्याकाळी माझा नवरा दुकानातून आला तेव्हा मामांनी त्याला बोलावून तो हत्ती दाखवला.

घोटाळा दुसऱ्या दिवशी कळला. हत्ती आता इतका सावकाश वळायचा, की कोणीही मागे जाऊन त्याला आरामात मारावं. मतांचा पूर आला. त्यात रोज हत्ती घेऊन खेळणारा एक जण होता, आम्ही त्याला लिहिण्यावरून ओळखायला लागलो होतो. त्याचं वाचताना मी मध्येच थांबले.

"पुढं वाच."

"मामा, त्यानं शिवी दिलीय. ज्यानं हे सुचवलं त्याला."

"पंचाच्या घरात शिवीला लाजतीस? वाच."

मी जमेल तशी सौम्य करून वाचली. हे सुचवणाऱ्या गाढवानं उभ्या जन्मात ना हत्ती बघितलाय ना खेळ, असा अर्थ होता. मामा ठसका लागेपर्यंत हसले. मग पाणी प्याले.

"त्याचं बरोबर असंल तर?" ते म्हणाले.

पुढचे काही दिवस ते फक्त हत्ती घेऊन खेळले आणि सारखे हरले. मला वाटलं चिडतील. पण हरल्यावर ते पुढे वाकून बघायचे आणि विचारायचे, "आता कावून मेला?" हत्ती का मेला हे आम्ही दोघं मिळून शोधायचो. मामांनी ठरवलं की रानच लई मोकळं आहे, दोन्ही बाजूंनी टेकड्या पाहिजेत, म्हणजे हत्तीच्या मागे कोणाला जाता येणार नाही.

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही मामा. तुमचं चुकतंय."

त्यांना असं घरात कोणी बोलत नसे, नवराही नाही. त्यांनी माउस सोडून माझ्याकडे पाहिलं. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"हत्ती सावकाश वळतो त्याचं काही नाही," मी म्हटलं. "तो वळायला थांबतो. जागेवर उभा राहून वळतो, म्हणून मरतो. उसाचा ट्रक कसा वळतो? मोठा वळसा घेतो, पण चालत राहतो. तसा वळला तर?"

मामांनी टेबलावर बोटानं एक वळसा काढला. पुन्हा एक काढला.

"हे आधी कावून सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही विचारलंच नाही."

ते उठून आत गेले. मी कान देऊन बसले होते. स्वयंपाकघरात पातेलं वाजलं, आणि थोड्या वेळानं ते दोन कप चहा घेऊन आले आणि समोर बसून प्यायला लागले. मग म्हणाले, "बनवनाऱ्याला नगं लिहू आधी. त्या शिवीवाल्याला इचार. रोज हत्ती त्योच खेळतोय."

मी लिहिलं, की ते गाढव आमच्याच घरातलं आहे, चूक कळली आहे, आणि हत्ती असा चालत वळला तर तुम्हाला कसं वाटेल? त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. आधी एका ओळीची माफी होती. मग लिहिलं होतं, की हत्ती थांबतो हेच त्याला खुपत होतं, फक्त नेमकं सांगता येत नव्हतं. वळसा किती मोठा असावा यावर त्याचं आणि मामांचं जमेना. मी मध्ये बसून इकडचं इंग्रजी आणि तिकडचं मराठी करत होते, आणि दोघांनाही न विचारता माझंही थोडं घालत होते. शेवटी आम्ही तिघांनी मिळून बनवणाऱ्याला लिहिलं.

त्यानं ते केलं. हत्ती आता रानातून मोठा वळसा घेत जायचा आणि दिसायलाही झोकदार दिसायचा. दोन-तीन जणांनी छान म्हटलं. बाकी सगळे लगेच लिहायला लागले की आता तिरंदाज फार भारी झालेत.

मी निराश झाले. मामा मात्र खूश. "हेंचं समाधान कशानं बी व्हायचं न्हाई," असं म्हणत त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "तिरंदाजाचं काय म्हनतेत, वाच."

सासूबाई पालीहून परत आल्या त्या दिवशी आमची यावरूनच जुंपली होती. मामांच्या मते तिरंदाजांना बाण मोजून द्यावेत. माझं म्हणणं होतं की मग तिरंदाज कोणी घेणारच नाही. सासूबाई पिशवी हातात घेऊन दारातच थांबल्या.

"काय झालं? कशावरून भांडायलात?"

"भांडन न्हाई," मामा म्हणाले. "तिला नियम समजंना."

"मला समजतो," मी म्हटलं. "मला पटत नाही."

सासूबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पिशवी ठेवायला आत गेल्या. मामांनी मला खुणेनं लिहायला सांगितलं, दोन्ही मतं, आधी त्यांचं आणि खाली माझं.