दर्या बंद, कॉलेज सुरू

परवा नारळी पौर्णिमेला हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर हातात नारळ घेऊन उभी होते, आणि मनात राग होता. समुद्रावर नव्हे… मुंबईच्या एका कॉलेजवर.

माझी इंदू यंदा इंटर पास झाली. दोन वर्षं ती पुण्याला माझ्या भावाकडे राहून शिकली. आता भावाची बदली झाली, आणि इंदूला बी.ए.ला राज्यशास्त्रच घ्यायचं होतं… म्हणून मुंबई.

ही बातमी कळल्यावर शेजारचे रामभाऊ आमच्या ओटीवर तंबाखू मळत म्हणाले, "वैनी, पोर काय व्हाइसराय व्हायची हाय?" मी म्हटलं, "जागा रिकामी झाली की कळवा."

कॉलेजच्या अटी मागवून वाचल्या. इंटरला इतिहास आणि लॉजिक हवं… होतं. इंग्रजीत बरे मार्क हवेत… होते. शेवटची अट अगदी साधी दिसली. कॉलेज उघडल्यापासून आठवड्याच्या आत विद्यार्थ्याने स्वतः येऊन विषयाला नाव घालावं.

साधी खरी, पण मुंबईत राहणाऱ्याला. आमच्याकडे मृगाच्या आधी शेवटची आगबोट जाते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. कॉलेज उघडतं ते नेमकं मधे.

गावातले मुलगे शेवटच्या बोटीनेच जातात. मुंबईत आमच्या गावची एक खोली आहे. गिरणीतले, गोदीतले सगळे बाप्ये तिथे पथारी टाकतात, त्यांच्यात शिकणारा मुलगाही पडून राहतो. मुलगी तिथे कशी राहणार?

मुलींच्या होस्टेलला लिहिलं, तर कॉलेज उघडायच्या आधी एक दिवसही खोली मिळणार नाही म्हणे. गिरगावातल्या माझ्या चुलत नणंदेने कळवलं, "वहिनी, तुम्ही केव्हाही या. पण वयात आलेली मुलगी महिनाभर ठेवायची म्हणजे… चाळीतले लोक काय म्हणतील?"

म्हणजे बोट होती तेव्हा छप्पर नव्हतं. छप्पर मिळायची वेळ आली तेव्हा बोट नव्हती.

शेवटी आम्ही मायलेकी जमिनीवरून निघालो. भाताची लावणी तोंडावर आलेली, त्यामुळे ह्यांना येता येईना. बैलगाडी, चिखल, मग सर्व्हिस मोटार… वाटेत नदीचं पाणी उतरेपर्यंत एका देवळात मुक्काम. इंदू पुस्तकांची पेटी घोंगडीत गुंडाळून मांडीवर धरून बसली होती. ज्या साकवावरून ओढा ओलांडला, तो आमच्या मागोमाग वाहून गेला.

कॉलेजात पोचलो तर मुदत संपलेली. ऑफिसातल्या क्लार्कने चष्म्यावरून पाहिलं. "राज्यशास्त्र बंद झालं, बाई. संस्कृतला जागा आहे. मुलींना तेच बरं."

"आमच्याकडे समुद्र बंद असतो," इंदू म्हणाली.

"मग तुमच्याकडचे मुलगे बरे वेळेवर येतात?"

मी त्यांना गावची खोली, होस्टेल, नणंद, सगळं सांगितलं. ते कागद लावत राहिले. म्हणाले, "ते तुमचं घरगुती झालं. इथे नियम आहे."

घरगुती! हा शब्द मला अजून झोंबतो. मुलाला गावाने अंथरूण दिलं ती रीत, आणि मुलीला कोणीच दिलं नाही ते मात्र घरगुती…

"आता घरी जा," ते म्हणाले. मी म्हटलं, "कशी जाऊ? समुद्र बंद, साकव वाहून गेला. नारळी पौर्णिमेपर्यंत मी या बाकावर बसते." आणि बसले.

खोटं कशाला सांगू, मी माहेरीसुद्धा कधी अशी अडून बसले नव्हते. इंदू कानाशी लागली, "आई, ऊठ ना. सगळे बघताहेत." मी म्हटलं, "बघू देत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मी सोबत होते म्हणून नणंदेकडे उतरता आलं; फुकट जेवायचं तर काही काम करावं, म्हणून तिचे भिजवलेले वाल सोबत नेले आणि बाकावर बसून सोलायला लागले. येणारी-जाणारी मुलं हसत होती. बोटं कामात असली की मला धीर येतो.

दुपारी राज्यशास्त्राचे प्रोफेसर तिथून गेले, आणि परत आले. "या कोण?" क्लार्क काहीतरी पुटपुटले. मग मीच उभी राहून सांगितलं, पदरात सालं तशीच.

त्यांनी इंदूला आत बोलावलं, मार्क पाहिले, काही प्रश्न विचारले. बाहेर येऊन क्लार्कना म्हणाले, "हिचं नाव घाला." मग माझ्याकडे वळून, "बाई, वाल आवरा आता. बिरडं घरी करा." मी हात जोडले. डोळे भरून आले होते.

फाटकाबाहेर आल्यावर पाहिलं तर इंदूचा चेहरा गंभीर. "आई, ही त्यांनी मेहेरबानी केली. नियम तिथेच आहे."

मी चिडलेच. "अगं, जागा मिळाली ना?"

"मला मिळाली. उद्या फातिमा येईल, तेव्हा तिच्या आईनेही वाल सोलत बसायचं का?"

फातिमा आमच्या शेजारच्या गलबतवाल्यांची मुलगी, इंदूच्या पाठोपाठ शिकते आहे. हात जोडल्याची थोडी लाजच वाटली…

साकव पुन्हा बांधल्यावर मी घरी आले, आणि तडक फातिमाच्या आईकडे गेले. आम्ही दोघींनी मिळून कॉलेजला अर्ज केला आहे, की मुलींचं होस्टेल शेवटच्या बोटीच्या आधी उघडा. खाली माझी सही, आणि तिची उर्दूत. अजून उत्तर नाही. नाही आलं तर पुन्हा लिहू.

परवा किनाऱ्यावर सगळे समुद्राला शांत हो म्हणून विनवत होते. मीही नारळ सोडला. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही… तो बंद होतो तेव्हा निदान सगळ्यांना सारखाच बंद होतो.