पाटीवरचं सुंदर अक्षर

नात नागपूरला वकिली शिकते. मागच्या आठवड्यात घरी आली ती निवेदनाचा गठ्ठा आणि माझ्यासाठी एक आमंत्रण घेऊनच. शरीर विकणाऱ्या बाईला नाही, विकत घेणाऱ्या माणसाला गुन्हेगार ठरवणारा कायदा व्हावा, म्हणून चंद्रपुरात सभा आहे. तिथं मी बोलायचं.

"आजी, तू तं हे कायद्याच्या आधीच केलं होतं ना! गिऱ्हाइकांची नावं पाटीवर लिहिली होती. बाबांनी सांगितलं मले."

बाबांनी अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं मी तोवर कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

गोंडपिपरीहून अहेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. तेव्हा मी चाळिशीत होते, अंगणवाडीची बाई होते आणि नुकतीच गावातली दारू बंद केलेली होती. म्हणजे आम्ही सगळ्या बायांनी केली होती, पण मी चालायची अशी, की जणू मी एकटीनंच हातभट्ट्या गिळल्या. पिणाऱ्याचं नाव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचं, ही युक्ती माझी. अक्षरही माझंच. गावात माझ्याइतकं सुंदर अक्षर कोणाचं नव्हतं. हे मला इतरांपेक्षा जरा जास्तच माहीत होतं.

दारू संपली, पण खडू उरला. मग लक्ष गेलं शेवटच्या गल्लीतल्या बाईकडे. नवरा सोडून गेलेला, सहा वर्षांची पोरगी पदरात. तिच्याकडे माणसं जायची. मी सभेत म्हटलं, तिला बोल लावायचा नाही, जाणाऱ्याचं नाव लिहायचं. आज नात जे पुस्तकातून बोलते, तेच. टाळ्या पडल्या. मी काय थांबते मग!

दुपारभर आम्ही गल्लीच्या तोंडाशी चिंचा फोडत बसायचो. गल्लीत पुरुष शिरला की नाव फळ्यावर. कशाला गेला होतास, हे विचारायचंच नाही. हा नियम दारूनं शिकवलेला. तेव्हा गुत्त्यावर सापडलेला प्रत्येक जण हरवलेला बैल शोधायलाच आलेला असायचा. गावात बैल शंभर नसतील, पण हरवायचे रोज.

पहिल्या दिवशी तीन नावं लिहिली. भोवती वेलबुट्टी काढली, पोषण आहाराच्या तक्त्याला काढायची तशी. अशी बाई होते मी.

गावातली माणसं पंधरवड्यात जायची बंद झाली. आम्ही पेढे वाटले. ती बाई मग बांबूच्या ट्रकांसाठी डांबरी रस्त्यावर उभी राहू लागली. एक दिवस अंगणवाडीच्या दारात आली. ओठ फाटलेला होता.

"बाई, ओयखीचा माणूस भिऊन राह्यते. त्याले मालूम असते, ही आपल्या घरी येऊन बोलू शकते. ट्रकवाल्याच्या घरी मी कुठी जाऊ?"

मी तिला समजावलं की हा धंदाच वाईट. तिला ते ठाऊक नव्हतं, असं मला वाटलं असावं.

मग फळ्यावर चढला सुईवाला भाऊ. हिवतापासाठी घरोघरी बोट टोचून काचेवर रक्त घेणारा आरोग्य सेवक. तो गल्लीत गेला, अर्ध्या घटकेत बाहेर आला, हातात पेटी. पेटी सगळ्यांना दिसली होती. पण नियम म्हणजे नियम. त्याच्या बायकोनं ते नाव बाजाराच्या दिवशी वाचलं. तो त्या गल्लीत पुन्हा गेला नाही.

महिन्याभरात त्या पोरीला ताप भरला. सकाळी पोरं माझ्यासमोर बाराखडी म्हणत होती, तेव्हा तिची आई आली.

"बाई, पोरगी फणफणून राह्यली. सुईवाल्या भाऊले बलावलं तं तो म्हणते, माह्यं नाव चढते. तेवढं त्याचं नाव पुसा ना. एवढं एकच."

"एकाचं पुसलं तर सगळे येतील," मी म्हटलं. "पोरीले दवाखान्यात ने." दवाखाना जणू शेजारच्या खोलीत होता.

ती गेली आणि स्वतःच्या तळव्यानं ते नाव पुसून आली. दुपारी मला कळलं. मी जाऊन ते पुन्हा लिहिलं. आधीपेक्षा ठळक.

तिसऱ्या दिवशी पोरीची शुद्ध हरपली. तिला उचलून दवाखान्यात नेलं ते एका बांबूच्या ट्रकवाल्यानं. त्याचं नाव ना आम्हाला माहीत, ना तिला. पोरगी वाचली. कान गेले.

आई पुढं खंगून मेली. पोरगी आता तिशीच्या पुढं आहे आणि त्याच रस्त्यावर उभी असते. ट्रक आता लोहखनिजाचे आहेत, एवढाच फरक.

हे सगळं ऐकून नातीनं निवेदनाचा गठ्ठा बाजूला सारला. मग म्हणाली, "तुझी पाटी म्हणजे कायदा नव्हे, आजी. कायद्यात पुरावा लागतो, कोर्ट लागते."

"आन् कोर्टाच्या आधी रस्त्यावर कोण उभं राह्यते? चिंचा फोडणाऱ्या बाया?"

"मग काय करायचं? ओठ फोडणारा मोकळा सोडायचा? त्यानं घरी जाऊन भात खायचा?"

ती बरोबर होती. तो भात खातच असेल, ढेकरही देत असेल.

"आपण त्या पोरीलेच विचारू," नात म्हणाली. हे मला पंचवीस वर्षांत सुचलं नव्हतं.

दुपारी गेलो. धाब्याच्या पुढं सागाच्या झाडांशी ती उभी होती, एका ड्रायव्हरशी हातवारे करत हसत होती. कधीचा ओळखीचा असावा. नातीच्या हातात निवेदन आणि पेन होतं. ड्रायव्हरनं ते कागद पाहिले आणि झटकन केबिनमध्ये चढला. ट्रक गेला.

तिनं आमच्याकडे वळून पाहिलं. नातीला ती ओळखत नव्हती. मला मात्र ओळखलं. उजवा तळवा वर करून तिनं हवेत डावीकडून उजवीकडे एकदा फिरवला. निघा म्हणाली की पुसा म्हणाली, कोण जाणे. मग पिशवी उचलून ती रस्ता सोडून आत झाडीत चालत गेली. नातीनं हाका मारल्या. मी म्हटलं, "कोणाले हाका मारतेस वं?"

सभा परवा आहे. नात म्हणते, आजी, तू बोलूच नको, नुसती येऊन बस. निवेदन माझ्यासमोर पडलं आहे. सहीची जागा रिकामी आहे. आणि अक्षर माझं अजून तसंच सुंदर आहे.